उरलेल्या दोन जोड्या

"भिंतीतली तार तुटलीय, काका," इंटरनेटवाला म्हणाला आणि नानांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

नानांनी बत्तीस वर्षं टेलिफोन खात्यात केबल जोडली होती. खड्ड्यात उतरायचं, गुडघाभर चिखलात पाट टाकून बसायचं, मनगटाएवढी जाड केबल सोलायची आणि तिच्यातल्या शेकडो तारा रंगाला रंग लावून एकेक जोडायच्या. नानांनी केलेला जोड पुन्हा कधी उकरावा लागला नाही असं खात्यातले लोक सांगत, आणि सांगायला खात्यातलं कोणी हजर नसलं की नाना स्वतः सांगत. अशा माणसाला त्याच्याच घरात, त्याच्याच हातच्या केबलबद्दल असं बोलायचं म्हणजे त्या इंटरनेटवाल्याची छातीच म्हणायची.

"कोण म्हणतं तुटलीय?" नानांनी विचारलं.

"मी नाही, हे यंत्र म्हणतंय." इंटरनेटवाल्याने हातातली साबणाच्या वडीएवढी डबी पुढे केली. तो चांगला पन्नाशीचा, घामाघूम झालेला माणूस होता आणि सकाळपासून त्याला या घरात तिसरा चहा झाला होता. "याचा एक भाग खाली लावलाय, एक इथे. केबलमध्ये आठ तारा असतात. तार धड असली की तिचा दिवा लागतो. आठही लागायला पाहिजेत. आता बघा."

नाना चष्मा कपाळावरून नाकावर आणून वाकले. त्यांच्यामागून लेकही वाकली.

एकचा दिवा लागला. दोनचा लागला. तीनचा लागला. चार अंधार, पाच अंधार. सहाचा लागला. सात अंधार, आठ अंधार. मग पुन्हा एक, दोन, तीन.

नानांचं तोंड उघडंच होतं आणि इंटरनेटवाल्याला ऐकवायचं पुढचं वाक्य जिभेवर अगदी तयार होतं. ते त्यांनी गिळलं. चार आणि पाच म्हणजे निळी जोडी. सात आणि आठ म्हणजे चॉकलेटी जोडी. या दोन जोड्या कुठे गेल्या ते जगात दोनच माणसांना ठाऊक होतं आणि त्यातले एक नाना होते.

"ही भिंतीवरची प्लेट जरा उघडून बघू का?" इंटरनेटवाल्याने पेचकस काढला.

"प्लेटला हात लावायचा नाही," नाना म्हणाले. "जोड माझा आहे."

हे वाक्य त्यांच्या तोंडून बत्तीस वर्षांच्या सवयीने निघून गेलं. निघालं आणि मग परत घेता येईना.

"राहिलं," इंटरनेटवाल्याने खांदे उडवले. "मग नवी केबल टाकावी लागेल. तुमच्या पाइपला तीन वळणं आहेत, त्यातून ती सरकायची नाही. भिंत थोडी फोडू. सोमवारी गवंडी घेऊन येतो."

तो गुरुवार होता. सोमवारी गवंडी काय, खुद्द खात्याचे मोठे साहेब आले असते तरी त्यांचा उपयोग नव्हता, कारण लेकीची परीक्षा शुक्रवारी सकाळी अकराला होती.

लेकीचं कामही जोडायचंच. विमानातून नद्यांचे, धरणांचे, बंधाऱ्यांचे फोटो काढतात, हजारोंनी. ते एकाला एक जोडून त्यांचा नकाशा करायचा. नाना गल्लीत सांगत की आमच्या घराण्यात जोडकामच चालतं, मी जमिनीखाली जोडत होतो, ती आभाळातून जोडते. गावातल्या शाखेत ती आठ वर्षं होती. ती शाखा आता बंद होत होती आणि तिथल्या सहाही जणांची बदली रेल्वेने नऊ तासांवरच्या मोठ्या ऑफिसात झाली होती. घरी राहून काम करायचं असेल तर एकच वाट होती. दिवसाचे सगळे फोटो, म्हणजे सहाशे गिगाबाइटचा डोंगर, सकाळी तासाभराच्या आत घरच्या कॉम्प्युटरवर उतरला पाहिजे. कॉम्प्युटर कुलूप लावता येईल अशा खोलीत पाहिजे. धरणांची मापं असतात, म्हणून वायफाय नको. जिन्यावरून लोंबणारी तारही नको, पक्की भिंतीतली हवी. ऑफिसातल्या बाई शुक्रवारी व्हिडिओवरून खोली बघणार होत्या आणि घड्याळ लावून बसणार होत्या.

लेकीने सगळी तयारी केली होती. साधी गिगाबिटची लाइन पुरणार नाही हे तिने कागदावर मांडून नानांना दाखवलं होतं. तिच्यावर सहाशे गिगाबाइटला पंचाऐंशी मिनिटं लागतात. म्हणून अडीच गिगाबिटची लाइन घेतली. कॉम्प्युटरला तेवढा वेग झेपावा म्हणून त्यात नवं कार्ड बसवलं. सकाळी इंटरनेटवाल्याने खाली बैठकीत टीव्हीजवळ इंटरनेटचा नवा डबा बसवला, त्याच्यावर वेग मोजला तर आकडा आला दोन हजार तीनशे मेगाबिट, म्हणजे जवळजवळ अडीच गिगाबिट. लेकीने टाळी वाजवली, नानांनी मिशी कुरवाळली. मग सगळे वर तिच्या खोलीत आले आणि तिच्या कॉम्प्युटरवर आकडा आला चौऱ्याण्णव. प्लेटपासून कॉम्प्युटरपर्यंतची हातभर वायर बदलली, तरी चौऱ्याण्णव. जुन्या लाइनचा वेगच मुळात पन्नास होता, त्यामुळे ही केबल चौऱ्याण्णवच्या वर जात नाही हे पंधरा वर्षांत कुणाला कळायचं कारण नव्हतं.

इंटरनेटवाला गेला. लेक खुर्चीत बसून त्या चौऱ्याण्णवकडे बघत राहिली.

"जाऊ दे नाना," ती म्हणाली. "तुमचा काही दोष नाही. पंधरा वर्षं चालली केबल, खूप झालं. उद्या सांगते बाईंना, जमलं नाही म्हणून. माळ्यावरची मोठी बॅग तेवढी काढून द्या संध्याकाळी."

"हं," नाना म्हणाले.

तुमचा काही दोष नाही, हे जर ती म्हणाली नसती तर कदाचित त्यांनी तिथेच सांगून टाकलं असतं. आता सांगवेना. ते उठले आणि चौदा पायऱ्या उतरून स्वयंपाकघरात गेले.

आई ओट्यापाशी उंच स्टुलावर बसून मटार सोलत होती. लेकीची आई म्हणून नानाही तिला आईच म्हणत. तिचे गुडघे गेली चार वर्षं तिच्याशी फटकून वागत होते, त्यामुळे वरचा मजला तिने सोडूनच दिला होता.

"निळी आणि चॉकलेटी ना?" तिने मान वर न करता विचारलं.

नाना दचकले. "तुला कोणी सांगितलं?"

"तो माणूस जाताना बोलला, चार तारा मेल्यात म्हणून. मी काय आज आले का या घरात? तुम्ही भोकं पाडत होतात तेव्हा स्टूल कोणी धरलं होतं?"

आता ही भानगड सांगायलाच हवी. पंधरा वर्षांपूर्वी नानांनी लेकीसाठी ही केबल घातली तेव्हा दुकानदाराने स्वस्तातली दाखवली होती. नानांनी हट्टाने चांगली घेतली. तिच्यात तारांच्या चार जोड्या होत्या, केशरी, हिरवी, निळी आणि चॉकलेटी. त्या वेळच्या इंटरनेटला दोन जोड्या भरपूर होत होत्या. केशरी आणि हिरवी कामाला लागल्या, बाकीच्या दोन नुसत्या बसून राहिल्या. आणि मोकळी जोडी बघितली की नानांच्या पोटात दुखायचं. एक जोडी म्हणजे एक फोन. खात्यात एकेका जोडीसाठी माणसं वर्ष वर्ष थांबत होती, अर्ज करत होती, साहेबांच्या पाया पडत होती. त्यांच्या स्वतःच्या घरात दोन जोड्या भिंतीत लोळत पडाव्यात? त्यांनी त्या प्लेटच्या मागून अलगद बाजूला काढल्या आणि आईसाठी घंटा बसवली. ओट्याशेजारी बटण, वर लेकीच्या दारावर घंटा, ही झाली निळी जोडी. वर बटण, खाली घंटा, उत्तरादाखल, ही चॉकलेटी. एकदा वाजली की चहा, दोनदा वाजली की जेवण, लांब वाजली की हातातलं टाकून खाली ये.

काम इतकं सुबक झालं होतं की घंटेची तार कुठून जाते असा प्रश्न पंधरा वर्षांत कुणाला पडला नाही. नानांनाही नाही. केबल बदनाम झाली तेव्हासुद्धा त्यांना त्या दोन जोड्या आठवल्या नाहीत. दिवे बघितले तेव्हा आठवल्या.

"तेव्हाच मी म्हटलं होतं," आई म्हणाली. "पोरीच्या तारेत माझी घंटा कशाला घुसवता. तर तुम्ही म्हणालात, मोकळी जोडी ठेवणं म्हणजे पाप आहे."

"तेव्हा पापच होतं."

"मग आता सांगा तिला."

"सांगतो."

"कधी? बॅग भरून झाल्यावर?"

नानांनी टोपलीतली एक शेंग उचलली, सोलली आणि दाणे तोंडात टाकले. आईने टोपली स्वतःकडे ओढली.

"नुसतं सांगायचं असतं तर सांगितलंही असतं," ते म्हणाले. "नाक कापलं जाईल, त्याचं काही नाही. या वयात नाकाचं काय करायचंय. पण त्या जोड्या परत द्यायच्या म्हणजे तुझी घंटा गेली. मागच्या वर्षी तू इथे पडलीस तेव्हा मी बाजारात होतो. तू सरपटत जाऊन ते बटण दाबलंस म्हणून पोरगी धावत आली. घंटा काढली आणि परत पडलीस तर?"

आईने हातातली शेंग खाली ठेवली.

"अहो, घंटा वाजवायला मी असून काय उपयोग? ऐकायला वर कोणी असायला हवं ना?"

नानांनी ओट्यावर सांडलेला एक दाणा उचलून टोपलीत टाकला.

"ती गेल्यावर दिवसभर बटण दाबत बसेन मी," आई म्हणाली. "रिकाम्या खोलीत वाजेल. जा वर. तुम्हाला जमत नसेल तर मी जाते, चौदाच पायऱ्या आहेत, चढेन बसत बसत."

आई चढली असती. नानांना तेवढी खात्री होती. म्हणून तेच चढले.

लेक कपाट उघडून उभी होती. नानांनी बोलायला सुरुवात करण्यापूर्वी घसा दोनदा खाकरला आणि चष्मा पुसला, ज्याची काहीच गरज नव्हती.

"तार तुटलेली नाही," ते म्हणाले. "चोरीला गेलीय."

"काय?"

"चोर मीच आहे. चारातल्या दोन जोड्या मी तुझ्या आईच्या घंटेला लावल्या होत्या. पंधरा वर्षं झाली. मघाशी त्या माणसासमोर कळलं मला, पण मी... गप्प बसलो."

लेकीने कपाटाचं दार लावलं. तिने वर दारावरच्या घंटेकडे बघितलं, मग प्लेटकडे, मग बापाकडे. नाना ऐकून घ्यायच्या तयारीने उभे होते. हात पाठीमागे, मान खाली, साहेबांसमोर उभे राहत तसेच.

"म्हणजे नाना," ती म्हणाली, "पंधरा वर्षं मी आईच्या चहाच्या तारेवर इंटरनेट चालवतेय?"

आणि ती हसायला लागली. कॉटवर बसून पोट धरून हसली, हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं आणि ते पाणी नुसतं हसण्याचं नव्हतं हे नानांना कळलं. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग तो हात काढून घेतला, कारण कामाला दोन्ही हात लागणार होते.

"बॅटरी धर," ते म्हणाले. "आणि रंग सांग. चॉकलेटी आणि केशरी मला हल्ली सारखेच दिसतात."

त्यांची पत्र्याची पेटी आली. तिच्यात तारा खाचेत ठोकून बसवायचं जुनं हत्यार होतं, निवृत्त होताना खात्यात परत करायचं राहून गेलेलं. नानांनी प्लेट उघडली. मागे सगळं जसंच्या तसं होतं, तारांच्या वळणांना धूळसुद्धा लागली नव्हती. निळी जोडी त्यांनी स्वतः बांधलेल्या गाठीतून सोडवली. तिची टोकं कापून नवी केली.

"पांढरी-निळी पाचवर," लेक म्हणाली. "नुसती निळी चारवर. हा, बरोबर. आता पांढरी-चॉकलेटी सातवर."

"ही?"

"ही केशरी आहे, नाना. तिला हात लावू नका."

वरचं झालं, मग खाली बैठकीतली दुसरी प्लेट. तिथेही त्याच दोन जोड्या परत आपल्या जागी बसवल्या. आई दारात खुर्ची ओढून देखरेख करत होती. तिने आत जाऊन ओट्याशेजारचं बटण एकदा दाबून बघितलं. वर काही वाजलं नाही.

"गेली," ती म्हणाली.

लेक वर पळाली. नाना तिच्यामागून जमेल तसे चढले. कॉम्प्युटरवरचा काटा सरसर वर गेला, शंभर ओलांडले, पाचशे ओलांडले आणि एका जागी येऊन थांबला. नऊशे चाळीस.

नाना टाळी वाजवणार होते. पण लेकीचा चेहरा बघून त्यांनी हात खाली घेतले.

"दहापट झालं की," ते म्हणाले.

"हे गिगाबिटचं झालं, नाना. याच्यावर पंचाऐंशी मिनिटं लागतात. मला तासाच्या आत हवंय." ती पुन्हा पुन्हा मोजत होती. पुन्हा पुन्हा नऊशे चाळीस. "केबलच जुनी आहे. नसेल झेपत तिला याच्या वर."

इतक्या वेळात पहिल्यांदा नानांच्या आवाजात जोर आला.

"केबलला नाव ठेवायचं नाही. मी चोर आहे, केबल चोर नाही." ते गुडघ्यावर हात ठेवून उठले. "नऊशे चाळीस आहे ना? दहाने कमी नाही, वीसने जास्त नाही, अगदी ठरल्यासारखं नऊशे चाळीस? केबल थकली असती तर आकडा खाली-वर झाला असता. हे कुणीतरी दार अर्धं लावून ठेवल्यासारखं आहे. भिंतीत नाही बिघाड, टोकाला आहे. वरचं टोक तू बघितलंस. चल खालचं बघू."

नवा डबा टीव्हीच्या शेजारी, फुलदाणीच्या मागे बसवला होता. त्याच्या पाठीला चार भोकं होती. नानांनी बॅटरी मारली. तीन भोकं करडी होती, एक निळं. निळ्याखाली बारीक अक्षरांत काहीतरी लिहिलं होतं.

"वाच," नानांनी लेकीला सांगितलं.

लेकीने गाल टेबलाला टेकवून वाचलं. "अडीच गिगाबिट." मग तिने करड्या भोकांखालचं वाचलं. "एक गिगाबिट. एक. एक." आणि मग तिचा आवाज बदलला. "नाना, निळ्यात कुठली वायर आहे ही?"

"ती टीव्हीची," खुर्चीतून आई म्हणाली. "टीव्हीची वायर आखूड पडत होती, लांबच्या भोकात पोचेना. म्हणून त्याने ती जवळच्या निळ्यात घातली. मी बघितलं ना. तुम्ही तेव्हा त्याला खात्याच्या गोष्टी सांगत होतात."

दोघांनी तिच्याकडे वळून बघितलं.

"मला काय माहीत निळं भोक महाग असतं ते," आई म्हणाली. "विचारलं का मला कुणी?"

लेकीने टीव्हीची वायर काढली आणि वरच्या खोलीची निळ्यात घातली. टीव्हीची वायर करड्या भोकात पोचावी म्हणून नानांनी फुलदाणी हलवून डबाच वीतभर सरकवून दिला. तेवढंच करायचं होतं, ते सकाळी त्या माणसाने केलं असतं तरी चाललं असतं. लेक पुन्हा वर गेली. या वेळी नाना तिच्यामागून गेले नाहीत. जिन्याच्या पहिल्या पायरीवर, कठड्याला धरून ते उभे राहिले.

वरून आवाज आला.

"दोन हजार तीनशे चाळीस."

नाना पायरीवर बसले.

दुसऱ्या दिवशी अकराच्या ठोक्याला लेकीने खोलीचं दार आतून लावलं. बाईंना खोली दाखवली, कुलूप दाखवलं, भिंतीतली प्लेट दाखवली. प्लेट दाखवताना ती म्हणाली, "हे काम आमच्या वडिलांचं आहे," आणि दाराबाहेर वेताच्या मोड्यावर बसलेल्या नानांनी उगाचच शर्टाची कॉलर नीट केली. मग डोंगर उतरायला लागला.

बाहेरून काहीच कळत नव्हतं. घरात आवाज करायचा नव्हता. खाली आई इतकी शांत होती की नाना दोनदा कठड्यावरून वाकून बघून आले. दोन्ही वेळा ती ओट्यापाशी स्टुलावर बसून भिंतीवरच्या घड्याळाकडे डोळे लावून होती आणि तिने हाताने खूण केली, काय झालं? नानांनीही खुणेनेच सांगितलं, अजून नाही.

पावणेबाराला आत लेकीचा आवाज आला. "हो मॅडम... हो... नाही मॅडम... हो, तपासलं, सगळे आलेत... बरं मॅडम." तेवढ्यावरून बदली झाली की बढती झाली की फाशी झाली, काहीही समजायला वाव होता. नाना मोड्यावरून अर्धवट उठून तसेच अवघडून उभे राहिले.

दार उघडलं. लेक दारात उभी होती. तिच्या मागे, कॉम्प्युटरच्या पाठीला, छोटा हिरवा दिवा लुकलुकत होता.

"अडतीस मिनिटं," ती म्हणाली. "सोमवारपासून घरूनच."

नानांचा जीव भांड्यात पडला. आठ दिवस ते सगळ्यांना सांगत आले होते, नोकरी महत्त्वाची, पोरीने जायला हवं, आमचं काय, आम्ही राहू. त्यातला एक शब्दही खरा नव्हता.

"बरं झालं," ते म्हणाले. आणि ते पुरेसं नाही असं वाटून पुन्हा म्हणाले, "फार बरं झालं, बाळा. तू गेली असतीस तर मला करमलं नसतं."

असलं काही नाना याआधी कधी बोलले नव्हते. लेकीने काही उत्तर द्यायच्या आत ते जिना उतरायला लागले, कारण खाली कुणाला तरी अजून काहीच कळलेलं नव्हतं.

आई स्टुलावरून उठून उभी होती. तिचं बोट भिंतीवरच्या बटणावर होतं. काय झालं ते विचारायला ती सवयीने ते दाबत होती, लांब, सोडतच नव्हती, आणि वर काही वाजत नव्हतं.

"राहतेय ती इथेच," नाना म्हणाले.

आईने बटण सोडलं. ती स्टुलावर बसली आणि पदराने आधी ओटा पुसला, मग डोळे.

"आठ दिवस झोप नाही मला," ती म्हणाली.

"मलाही नाही."

"मग घोरत कोण होतं?"

"तुला वाटावं मी झोपलोय म्हणून," नाना म्हणाले, आणि लेक जिन्यात बसून पुन्हा हसायला लागली.

दुपारी ती बाजारातून बिनतारी घंटा आणते म्हणाली. नानांनी तिच्याकडे असं बघितलं की तिने तो विषय तिथेच सोडला. त्यांनी माळ्यावर चढून जुन्या तारेचं एक वेटोळं शोधून काढलं. दोन जोड्यांची तार होती, खात्यातलीच. जिन्याच्या कडेने, कठड्याच्या खालून, हातभर अंतरावर एकेक खिळा मारत त्यांनी ती वर नेली. आई खालून सूचना करत होती, लेक वर सोमवारच्या कामाची मांडामांड करत होती, आणि संध्याकाळच्या चहापर्यंत घंटा तयार झाली.

आईने बटण एकदा दाबलं. वर ठणठणीत वाजली.

"आणि उत्तराची?" आईने विचारलं. "चॉकलेटी होती ती? ती नाही का लावली?"

"उत्तर द्यायला ती स्वतः येईल खाली."

आईने स्टुलावरून वाकून बघितलं. ओट्याशेजारी, बटणाच्या डबीत, तारेची एक जोडी स्क्रूला लावली होती. दुसरी जोडी टोकं सोलून, एकमेकींभोवती वळवून, नीट कोपऱ्यात ठेवली होती. कशालाही लावलेली नव्हती.

"अहो, एक जोडी उरली की तुमची."

वरून पायऱ्या उतरण्याचा आवाज येत होता. नानांनी डबीचं झाकण लावलं आणि स्क्रू आवळला.

"राहू दे मोकळी," ते म्हणाले. "तिला पुढे कधी लागली तर."